मेडिकल लाइन

(मंडळाच्या मदतनिधी कार्यक्रमात केलेलं भाषण)



कार्यक्रमपत्रिकेवर आमची दोघांची नावं आहेत आणि माईकपुढं एकटीच उभी आहे, हे तुमच्या लक्षात आलं असेलच. आमचे 'हे' आज हॉस्पिटलात आहेत. घाबरू नका, तब्येत उत्तम आहे. नर्सिंगच्या तिसऱ्या सेमिस्टरची क्लिनिकल ड्यूटी आहे. सकाळी पावणेसातला गेलेत, संध्याकाळी साडेसातला सुटतील. भाषण मात्र आम्ही दोघांनी मिळून लिहिलंय, गेले तीन रविवार डायनिंग टेबलवर भांडून. त्यामुळे 'आम्ही' म्हणजे खरोखर आम्ही दोघं. आणि घरी म्हणतो तसं इथून पुढं 'तो' म्हणू, ज्येष्ठांनी राग मानू नये.

आम्ही दोघं सांगली जिल्ह्यातले. एकीनं सांगलीच्या वालचंदमधून इंजिनिअरिंग केलं आणि तेव्हापासून ती कॉम्प्युटरपुढं बसून आहे. दुसरा बी. एस्सी. केमिस्ट्री, साखर कारखान्याच्या लॅबमध्ये केमिस्ट. हंगामात रात्रपाळीला रसाची ब्रिक्स आणि पोल काढायची, उरलेलं वर्ष शेती बघायची. २०१५ साली लग्न झालं आणि २०१७ मध्ये आम्ही इथं बे एरियात आलो. एच-वन एकीचा, एच-फोर त्याचा. मंडळाच्या पहिल्या संक्रांतीला एच-फोरवरच्या बायका पुष्कळ भेटल्या, एच-फोरवरचा पुरुष मात्र काही सापडला नाही. हळदीकुंकवाच्या वेळी मुलांना सांभाळायला तो एकटाच होता. (तिळगूळ त्याला सगळ्यात जास्त मिळाला, हे त्यानं इथं आवर्जून सांगायला लावलंय.)

२०१८ मध्ये मुलगी झाली. त्या रात्री आमच्या खोलीत जे नर्स होते, ते पन्नाशीचे, मूळ फिलिपिन्सचे, चांगले दणकट गृहस्थ. पहाटे तीन वाजता बाळ रडायला लागलं तर त्यांनी दुपट्यात असं गुंडाळलं की आमच्या आजीची आठवण यावी. मग ते सोडून त्याच्या हातात दिलं, म्हणाले, आता तू कर. चार वेळा करायला लावलं. पाचव्यांदा बाळ झोपलं. घरी येताना गाडीत तो एवढंच म्हणाला, की हे काम आपल्याला जमेल. आम्ही हसण्यावारी नेलं. रात्रभर जागलेल्या माणसाचं काय मनावर घ्यायचं!

पण त्यानं मनावर घेतलं होतं. ग्रीन कार्डची रांग किती लांब आहे हे इथं बसलेल्यांना सांगायला नको. आय-वन-फोर्टी मंजूर झालं की एच-फोरवाल्याला काम करायचा परवाना मागता येतो, ही सोय २०१५ पासून झाली. आमचं २०१९ ला झालं. कार्ड आलं, आणि मग पुढं काय? साखरेचा केमिस्ट कॅलिफोर्नियात काय करणार? दोन वर्षं इकडंतिकडं केली, मध्ये कोविड गेला, आणि जानेवारी २०२२ मध्ये, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, तो आमच्या घरापासून सात मैलांवरच्या कम्युनिटी कॉलेजात जाऊन बसला. इंग्लिश कॉम्पोझिशन आणि अॅनाटॉमी.

कम्युनिटी कॉलेज म्हणजे काय, हे आम्हालाही तोपर्यंत धड माहीत नव्हतं. आपल्याला स्टॅनफर्ड माहीत, बर्कली माहीत. पाहुणे आले की तिथं नेऊन फोटो काढतो. रस्त्याला लागून असलेल्या या कॉलेजवरून रोज जातो, तिथं पार्किंग केवढं आहे तेवढंच बघतो. प्रवेश कुणालाही. कॅलिफोर्नियात वर्षभर राहिल्याचा पुरावा दिला की एका युनिटला ४६ डॉलर. आम्ही तो आकडा दोनदा वाचला. आपल्या मुलांच्या पियानोच्या क्लासची फी आठवा.

आणि या कॉलेजातून नर्स कशी होता येते, त्याचीही एक गोष्ट आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर इथं नर्सेसची फार टंचाई झाली. तेव्हा बहुतेक नर्सेस हॉस्पिटलच्या शाळांत तीन वर्षं राबून शिकायच्या. मिल्ड्रेड मोंटॅग नावाच्या बाईंनी १९५१ साली कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजात प्रबंध लिहिला, की हे शिक्षण दोन वर्षांत आणि कॉलेजात देता येईल. नुसतं लिहून थांबल्या नाहीत. १९५२ पासून पाच वर्षं प्रयोग करून दाखवला, तो यशस्वी झाला आणि देशभर पसरला. आज या दोन वर्षांच्या कोर्सचा विद्यार्थी आणि विद्यापीठातला चार वर्षांचा पदवीधर एकाच परीक्षेला बसतात. एनक्लेक्स तिचं नाव. पेपर कॉम्प्युटरवर, आणि प्रत्येक उत्तरावरून पुढचा प्रश्न किती अवघड द्यायचा ते मशीन ठरवतं. कमीत कमी ८५ प्रश्न, जास्तीत जास्त १५०. पंच्याऐंशीव्या प्रश्नाला पडदा बंद झाला तर पास झालो की नापास, हे कळत नाही म्हणे. आमच्यातल्या सॉफ्टवेअरवालीला तो अल्गोरिदम फार आवडला. ज्याला परीक्षा द्यायची आहे त्याला तितकासा नाही.

'दोन वर्षं' हा शब्द मात्र जपून घ्या. त्या दोन वर्षांच्या दारात उभं राहण्याआधी अॅनाटॉमी, फिजिऑलॉजी, मायक्रोबायॉलॉजी, इंग्लिश हे सगळं करावं लागतं, आणि प्रत्येकाच्या मागं लॅब. आमची बी. एस्सी. त्यात फारशी कामाला आली नाही. मार्कशीटचं मूल्यमापन करून घ्यायचं तर विद्यापीठातून बंद लिफाफा हवा. त्यासाठी सासरे एसटीने दोनदा जाऊन आले. कशासाठी हवंय हे त्यांनी विचारलं तेव्हा आम्ही म्हणालो, "मेडिकल लाइनला जातोय, बाबा."

त्या उत्तराबद्दल आता जरा थांबून बोलायला हवं. कारण भाषणाचे दोन रविवार आम्ही यावरच भांडलो.

'मेडिकल लाइन' म्हटलं की गावाकडं मेडिकलचं दुकान असू शकतं, एमआर असू शकतो, डॉक्टरसुद्धा. आम्ही ते मुद्दाम मोघम ठेवलं होतं. ऑफिसात कुणी विचारलं की नवरा काय करतो, तर उत्तर "ही इज इन हेल्थकेअर". गणपतीत एकदा कुणीतरी सरळच विचारलं, "म्हणजे मेल नर्स का?" तो म्हणाला, "हो." मग दोन सेकंद कुणीच बोललं नाही आणि मोदकाचं ताट पुढं सरकलं. विचारणाऱ्यांचा यात काही दोष नाही. ताट पुढं सरकवणारा हात आमच्यातलाच होता. हे वाक्य भाषणात ठेवायचं की नाही यावर पहिला रविवार गेला. ठेवलंय.

आपण महाराष्ट्रातले लोक याबाबतीत कुठून कुठं आलो ते बघा. १९०९ साली पुण्यात रमाबाई रानड्यांनी सेवासदन उभं केलं आणि तिथल्या बायकांना, त्यात किती तरी विधवा, ससून हॉस्पिटलात नर्सिंग शिकायला पाठवलं. तेव्हा चांगल्या घरातल्या बाईनं परक्या पुरुषाची शुश्रूषा करायची म्हणून ओरड होती. शंभर वर्षांत ती ओरड मिटली, आणि पुरुषानं केली की शांतता पसरते. इथंही काही फार वेगळं नव्हतं. मिसिसिपीत जो होगन नावाचा एक माणूस होता, आधीच नर्स असलेला, त्याला पदवी घ्यायची होती. गावातलं सरकारी विद्यापीठ बायकांसाठी होतं, त्यांनी प्रवेश नाकारला. तो थेट सुप्रीम कोर्टात गेला आणि १९८२ मध्ये जिंकला, पाच विरुद्ध चार मतांनी. एक मत इकडचं तिकडं झालं असतं तर हरला असता.

असो. कॉलेजाकडं वळू.

अॅनाटॉमीच्या वर्गात एकोणीस-वीस वर्षांची मुलं, आणि हा. पहिल्या दिवशी तो आत आला तेव्हा दोघांनी त्याला प्रोफेसर समजून रांग लावायला सुरुवात केली. माणसाच्या अंगात २०६ हाडं, आणि प्रत्येकावर खाचा, उंचवटे, भोकं, त्या प्रत्येकाला लॅटिन नाव. आमच्या घरात फ्रीजपासून बाथरूमच्या आरशापर्यंत पिवळ्या चिठ्ठ्या लागल्या. मुलगी तेव्हा चार वर्षांची. तिला अ-आ-ई यायच्या आधी फीमर, टिबिया, फिब्युला यायला लागलं. लहान मुलांची हाडं मोठ्यांपेक्षा जास्त असतात, मोठेपणी ती जुळत जातात, हे कळल्यावर "माझी जास्त आहेत" म्हणून ती पाळणाघरात सांगत सुटली. लॅबमध्ये डिसेक्शनला मांजर. घर माळकऱ्याचं, वडिलांच्या गळ्यात तुळशीची माळ, आणि याच्या अंगाला संध्याकाळी फॉर्मलिनचा वास. तेही फोनवर सांगितलं नाही. मेडिकल लाइन, बस्स.

त्या उन्हाळ्यात त्यानं सीएनएचा, म्हणजे नर्सिंग असिस्टंटचा कोर्स केला. कॅलिफोर्नियात त्याला कमीत कमी १६० तास लागतात, त्यातले शंभर प्रत्यक्ष माणसांजवळ. पहिलंच काम एका नव्वदीच्या आजोबांना अंघोळ घालायचं. वर्गातली दोन मुलं त्या दिवशी परत आली नाहीत. याला काही वाटलं नाही, कारण स्वतःच्या आजोबांना शेवटची दोन वर्षं त्यानंच अंघोळ घातली होती. आजोबांच्या पाठीला साबण लावताना आधी सांगायचं, मग हात लावायचा, हे इथं पुस्तकात लिहिलेलं असतं आणि परीक्षेत त्याला गुण असतात. घरी येऊन म्हणाला, "हे आपल्याकडं कुणी शिकवलं नसतं. मी आजोबांना कधी विचारलं नाही."

जानेवारी २०२३ मध्ये आमच्यातल्या इंजिनिअरची नोकरी गेली. सकाळी लॅपटॉप उघडेना, एवढंच. ते वर्ष कसं होतं हे या हॉलमध्ये अनेकांना ठाऊक आहे, नावं कशाला घ्यायची. एच-वनवर साठ दिवस. तेवढ्यात दुसरी नोकरी नाही मिळाली तर बोजा बांधायचा, आणि त्याचा एच-फोर आमच्याच शेपटीला बांधलेला. सरकारी शिक्षण-मदतीचा अर्ज, ज्याला इथं फाफ्सा म्हणतात, तो एच-फोरवाल्याला चालत नाही. तिसऱ्या दिवशी आम्ही यादी केली, काय काय बंद करायचं. केबल, जिम, आणि त्याखाली एका अक्षरात लिहिलं, 'कॉ.' सेमिस्टर नुकतंच सुरू झालं होतं. मायक्रोबायॉलॉजीचं पुस्तक नवं कोरं होतं, परत केलं तर पूर्ण पैसे मिळत होते. त्यानं काही न बोलता ते परत केलं.

त्याच्या लॅबच्या टेबलावर एक मुलगी होती. मुलगी म्हणजे तिशीची, दोन मुलांची आई, नर्सिंग होममध्ये सीएनए म्हणून रात्रपाळी करून सकाळी वर्गात येणारी. पुस्तक नाही हे तिच्या लक्षात आलं. तिनं हिशेब मांडला: मी रात्री कामावर असते, तेव्हा पुस्तक घरी नुसतं पडून असतं. तर रात्री तुझं, दिवसा माझं. पूर्ण सेमिस्टर ते पुस्तक लॅबच्या पार्किंगमध्ये एका गाडीतून दुसऱ्या गाडीत गेलं आणि आलं. तिनं पिवळ्या पेननं रेघा मारायच्या, यानं पेन्सिलनं. एक्कावन्नाव्या दिवशी आम्हाला नोकरी मिळाली. तोपर्यंत तो बॅक्टेरियाच्या तिसऱ्या प्रकरणातून सातव्यात पोचला होता. 'कॉ.' यादीत तसाच राहिला, कुणी खोडला नाही आणि कुणी अमलात आणला नाही.

मग प्रवेशाची रांग. नर्सिंगला अर्ज फार आणि जागा थोड्या, कारण शिकवणारे कमी आणि हॉस्पिटलात विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या जागाही कमी. काही कॉलेजं चिठ्ठ्या टाकतात, काही गुणांची बेरीज करतात. आमच्या कॉलेजात बेरीज. 'टीज' नावाची एक प्रवेश परीक्षा असते, तिचे गुण, विज्ञानाच्या विषयांतले गुण, कामाचा अनुभव. आणि मंडळी, खुर्चीत जरा सरसावून बसा: इंग्रजीशिवाय दुसरी भाषा येत असेल तर त्याचेही गुण. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात त्या भाषांची यादी आहे आणि त्यात भारतीय उपखंडातल्या भाषा आहेत. म्हणजे आपली मराठी. २०२३ ला त्यानं अर्ज केला आणि नकार आला. २०२४ ला परत केला, तेव्हा मराठी माध्यमाची दहावीची मार्कशीट जोडली. ऑगस्टमध्ये जागा मिळाली. मराठीमुळंच मिळाली असं म्हणता येणार नाही, पण आम्ही घरी तसंच म्हणतो.

ती दोन मुलांची आईही त्याच बॅचला लागली. घरी बोलतो ती टागालोग त्या यादीत आहे, हे तिला यानंच सांगितलं होतं.

इथून पुढं पैशाचं बोलायचंय, कारण आज आपण त्यासाठी जमलोय.

फी ४६ डॉलर युनिट, आणि उत्पन्न कमी असेल तर इथल्या विद्यार्थ्यांना तीही माफ होते. मग निधी कशाला, असं आपल्या कमिटीत एकानं विचारलं, आणि प्रश्न बरोबर होता. प्रवेश मिळाल्याचं पत्र आलं त्याच्या मागोमाग एक यादी आली. गणवेश दोन जोड. स्टेथोस्कोप. सेकंदकाटा असलेलं घड्याळ. बोटांचे ठसे, पार्श्वभूमीची तपासणी, सीपीआरचं कार्ड, कांजिण्या-गोवर-हिपॅटायटिसच्या रक्ततपासण्या. टीबीची तपासणी तर आपल्यासाठी खास आहे. आपल्या दंडावर बीसीजीचा व्रण असतो, त्यामुळं कातडीवरची टीबीची चाचणी पॉझिटिव्ह येऊ शकते. याची आली. मग रक्ताची वेगळी चाचणी, छातीचा एक्स-रे, आणि प्रत्येकाची वेगळी पावती. शेवटी एनक्लेक्सची फी २०० डॉलर, आणि राज्याच्या लायसन्सचे पैसे वेगळे. यातली एकही गोष्ट 'फी' नावाखाली येत नाही.

आम्हाला हे जमलं, घरात एक सॉफ्टवेअरचा पगार आहे. तिची गोष्ट सांगतो. या मार्चमध्ये तिच्या गाडीचा अल्टरनेटर गेला. दुरुस्ती ६४० डॉलर. क्लिनिकल पंचवीस मैलांवरच्या हॉस्पिटलात, सकाळी पावणेसातला हजर, त्या वेळेला तिथं पोचणारी बस नाही. क्लिनिकलला दोन गैरहजेऱ्या चालतात. तिसरी झाली आणि तिला सेमिस्टर सोडावं लागलं. आम्हाला हे कळलं तीन आठवड्यांनी. त्याचा ग्रुप दुसऱ्या हॉस्पिटलात होता, त्याला वाटलं तिची पाळी बदलली असेल. ६४० डॉलर आम्ही त्याच दिवशी दिले असते. गाडीतून नेऊन सोडलं असतं. तिनं मागितले नाहीत. आम्ही तरी आमची नोकरी गेली होती तेव्हा कुणाकडं मागितले होते? पुस्तक नाही हे तिनं बघितलं होतं. तिची गाडी नाही हे आम्ही बघितलं नाही.

हा निधी कॉलेजच्या फाउंडेशनकडं जाईल, फक्त नर्सिंगच्या विद्यार्थ्यांच्या अडीनडीसाठी. अर्ज एक पानी. शिक्षक सही करतील, आणि पैसे आठवड्याच्या आत मिळावेत असा आपला आग्रह आहे. विद्यार्थी कुठल्या देशाचा, कुठल्या व्हिसावर, हे विचारायचं नाही, असंही आपण त्यांना सांगितलंय. मराठी विद्यार्थ्यांसाठी राखीव का नाही, याचं उत्तर एवढंच, की सध्या त्या बॅचमध्ये मराठी एकच आहे आणि त्याचा अर्ज आम्ही येऊ देणार नाही.

सासऱ्यांचं राहिलंच. गेल्या डिसेंबरात ते आले. पहाटे पाचला त्यांना जाग येते. स्वयंपाकघरात येऊन बघतात तर मुलगा निळ्या गणवेशात, गळ्यात स्टेथोस्कोप, उभ्या उभ्या पोहे खातोय. त्यांनी वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "ब्रदर?" आपल्याकडं दवाखान्यात पुरुष नर्सला ब्रदर म्हणतात. हा म्हणाला, "होणार आहे. अजून दीड वर्ष." आम्ही दोघंही खाली बघत उभे. सासरे खुर्ची ओढून बसले. म्हणाले, "मिरजेला माझं पोटाचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टर दोनदा आले. रात्रभर ब्रदरच होता." मग थोड्या वेळानं, "इथं एका ब्रदरकडं किती पेशंट?"

हा म्हणाला, जनरल वॉर्डात जास्तीत जास्त पाच, कॅलिफोर्नियात कायदाच आहे तसा.

"पाचच?" म्हणाले. "मिरजेचा तो पोरगा सगळा वॉर्ड बघत होता." आणि चहा मागितला. परत गेल्यावर त्यांनी गावात काय सांगितलं ते दिराकडून कळलं. "थोरला ब्रदर होतोय, कॅलिफोर्नियात." लाइनचं नाव त्यात नव्हतं.

तिची गाडी आता सुरू आहे. जानेवारीत जागा रिकामी झाली तर ती दुसऱ्या सेमिस्टरला परत बसेल. मायक्रोबायॉलॉजीचं ते पुस्तक आमच्याकडंच राहिलंय, पिवळ्या आणि काळ्या रेघांचं. कॉलेजात आता त्याची नवी आवृत्ती लागली आहे.

देणगीचे फॉर्म दाराजवळच्या टेबलावर आहेत, चेक कॉलेज फाउंडेशनच्या नावानं, खाली मेमोमध्ये 'नर्सिंग' लिहायला विसरू नका. ज्यांना पैशाऐवजी वेळ द्यायचा आहे त्यांच्यासाठी दुसरा कागद आहे. सकाळी सहाला विद्यार्थ्यांना गाडीतून हॉस्पिटलात सोडायला माणसं हवी आहेत. आतापर्यंत चार नावं आली आहेत, त्यातली दोन आमची.

तो आठपर्यंत पोचेल. पाय दुखत असतील, म्हणून आधी बसू द्या. आणि मसालेभात जरा बाजूला काढून ठेवा.